मग डॉक्टर तिथं हवाच कशाला?

"अवघड पेशंट शेवटी साताऱ्यालाच पाठवता ना? मग तिथं डॉक्टर कशाला, एक चांगली गाडी ठेवली तरी पुरे की!" लग्नकार्यात, कॉलेजच्या मैत्रिणींत हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी जावळी तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून काम करते. धरणाच्या पाण्यानं खोऱ्यातल्या जुन्या वाटा गिळल्या. पलीकडच्या गावांहून यायचं तर लाँच, आणि अलीकडून पुढं कास पठाराचा घाटरस्ता. पावसाळ्यात तिथं असं धुकं उतरतं की समोरची दरी कुठं सुरू होते ते कळत नाही. म्हणजे पेशंट माझ्या टेबलावर येतो तेव्हाच बराच वेळ गेलेला असतो, आणि तेवढाच अजून जायचा असतो. मधल्या वेळात जे करायचं, ते गाडी करू शकत नाही.

भातलावणीच्या दिवसांत घोणस चावलेला माणूस येतो. घोणशीच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. त्याचं दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. मग नळी आडवी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की तिथंच प्रतिविष सुरू करायचं, सुरुवातीला साधारण १० कुप्या. ती पूड असते, पाण्यात विरघळवताना जोरात हलवली तर फेस होतो. काहींना त्याचीच रिअ‍ॅक्शन येते. अंगावर गांधी उठतात, धाप लागते, बीपी कोसळतं. म्हणून ती रिअ‍ॅक्शन आवरणारं अ‍ॅड्रिनॅलिन आधी सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं. हे सगळं घाटात, चालत्या गाडीत, एकट्या ड्रायव्हरच्या भरवशावर सोडायचं?

आणि साप दिसलेला असतोच असं नाही. पहाटे बाई येते, "मॅडम, पोटात लई दुखतंय, डोळं उघडंच ऱ्हाईनात." अंगावर कुठं खूण नाही. रात्री जमिनीवर झोपली होती का, हे विचारलं की मण्यारीचा संशय येतो. तिथून पुढं तिच्या श्वासावर लक्ष ठेवायचं. उलट, हिरवा चापडा चावला असेल तर आपल्याकडचं प्रतिविष त्याला लागू पडत नाही. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीच बनवलेलं आहे. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायला माणूस लागतो.

बाळंतपणाचंही तसंच. बाळ बाहेर आल्याबरोबर आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन गेलं तर पुढचा रक्तस्राव बऱ्याचदा टळतो. पण ते औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे वादळानंतर वीज सलग जाते. त्या दिवसांत सिस्टर बर्फाच्या पेट्या सांभाळत बसतात. बीपी वाढून झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, इथंच देऊन मग पाठवायचं. तो न देता पाठवलं तर पुढचा झटका घाटात येऊ शकतो, हे मला कोणत्याही सभेत ठासून सांगावंसं वाटतं.

सर्वांत जास्त वेळ मात्र औषधात जात नाही, होकारात जातो. आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता मुलगा मुंबईला, माथाडी कामात. गावात म्हातारी माणसं, सून आणि जनावरं. सुनेला पुढं न्यायला हवं म्हटलं की सासूबाई म्हणतात, "त्याला फोन लागू दे आधी." फोन लागत नाही. धार कोण काढणार, सोबत कोण जाणार, खर्च किती येईल. या प्रश्नांना मी कधी फालतू म्हणत नाही, ते खरे आहेत. आशाताई त्यातला निम्मा भार उचलते. म्हशींना शेजारीण बघेल असं ती ठरवून टाकते, रेशनकार्ड शोधून पिशवीत घालते, कारण जनआरोग्य योजनेसाठी तेच आधी मागतात. मी तोवर पुढच्या दवाखान्यात फोन करून काय दिलंय, किती वाजता दिलंय ते सांगते आणि चिठ्ठीवरही लिहिते.

पेशंट परत आला की काम पुन्हा आमच्याकडेच. बीपीच्या गोळ्या "बरं वाटलं म्हणून" बंद होतात, आणि ते घरी गेल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा गाडीही द्याच. पण तिच्यासोबत रात्री लाँच काढणारा पगारी माणूस द्या, वीज गेल्यावर फ्रीज चालेल अशी सोय द्या, आणि रिकामी असलेली सिस्टरची जागा भरा. नवीन इमारतीचं उद्घाटन नंतर केलं तरी चालेल.