गावापासून पंधरा मिनिटांवर

व्हाइटहॉर्सला आलेला पाहुणा पहिल्याच दिवशी विचारतो, "आज जवळच, सोपं काही आहे का?" कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नदीच्या काठी वसलेलं हे तीसेक हजार वस्तीचं गाव. उन्हाळ्यात मी इथे गाईडचं काम करते आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: माइल्स कॅन्यन, या नदीचीच एक अरुंद घळ. गाडीने पंधरा मिनिटं, मग १९२२ साली बांधलेला झुलता पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने कॅन्यन सिटी या जुन्या, ओस पडलेल्या वस्तीच्या जागेपर्यंत जेमतेम दोन किलोमीटर. दम लागेल असा चढ नाहीच. अजिंक्यतारा चढउतार करत मोठी झालेली मी. मला हे सकाळचं फिरणंच वाटायचं.

त्या दिवशी जुलै संपत आला होता. सोबत सहाजण होते. त्यात मुलीकडे व्हँकुव्हरला आलेले कोल्हापूरचे काका-काकू आणि एक जर्मन तरुण. पुलावर सगळे रेंगाळले. खाली हिरवंगार पाणी, दोन्ही बाजूंना बेसाल्टच्या उभ्या भिंती. "हा तर आपला सह्याद्रीचा दगड," काका म्हणाले. लाव्हाच तो, फक्त आपल्यापेक्षा खूप अलीकडचा. मी त्यांना १८९८ ची हकीकत सांगितली. क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्यांच्या कितीतरी होड्या या घळीत आणि पुढच्या खळाळत्या धारेत फुटल्या, माणसं बुडाली. तेव्हा पोलीस अधिकारी सॅम स्टील यांनी हुकूम काढला की होड्या जाणकार नावाड्यानेच न्यायच्या आणि बायका-मुलांनी काठाने चालत जायचं. १९५८ मध्ये खाली धरण झालं आणि ती धार बुडाली. काकूंना ती गोष्ट फार आवडली. "म्हणजे आपण त्या बायकांसारख्याच चाललोय," त्या म्हणाल्या.

वाटेत सोपबेरीची झुडपं लाल दाण्यांनी लगडली होती. हे दाणे घुसळले की फेस येतो, आपल्या रिठ्यासारखा. इथले फर्स्ट नेशन्सचे, म्हणजे मूळनिवासी, लोक तो फेस गोड करून खातात. अस्वलांना तर हा दाणा जीव की प्राण. थोडं पुढे वाटेवरच अस्वलाची विष्ठा दिसली, लाल सालींनी भरलेली, अजून ओली. तिथेच मी सगळ्यांना एकत्र करायला हवं होतं. पण मी काकूंना झुडूप दाखवत राहिले, आणि तो तरुण कानात इअरफोन घालून पुढे निघून गेला होता. ती चूक माझी.

वळणावर तो दिसला, वीसेक पावलांवर. त्याच्या पुढे साधारण तेवढ्याच अंतरावर काळं अस्वल, फांदी तोंडात धरून दाणे ओरबाडत होतं. मी "थांबा!" म्हणून ओरडले. मराठीत. मागचे पाचही जण जागच्या जागी थांबले, पण ज्याने थांबायला हवं होतं त्याला ऐकूच आलं नाही.

काकांचा पाय मागे वळला. "काका, पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. सगळ्यांनी जवळ जवळ उभं राहा," मी म्हटलं. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्या प्राण्याचा स्वभावच आहे, आणि त्याच्यापुढे माणसाच्या धावण्याला काही अर्थ नाही. झाडावर चढूनही उपयोग नाही, काळं अस्वल आपल्याआधी वर पोचतं. मी बेअर स्प्रेची खीळ काढली आणि पुढे गेले. हा मिरचीचा फवारा काही मीटरच जातो, म्हणजे तो वापरायची वेळ येते तेव्हा अस्वल अगदी अंगाशी आलेलं असतं.

अस्वलाने डोकं वर केलं. त्याच वेळी त्या मुलानेही ते पाहिलं आणि तो गोठून गेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अस्वलाला आपण माणूस आहोत हे कळावं म्हणून शांत आवाजात बोलत राहायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, "जातोय रे बाबा, जातोय आम्ही, खा तू." एकेक पाऊल मागे. त्याचा खांदा थरथरत होता, माझा हातही. अस्वल आमच्याकडे बघत राहिलं, मग पुन्हा फांदीकडे वळलं.

आम्ही वीस मिनिटं लांब थांबलो. ते हललं नाही. कॅन्यन सिटी पुढे अगदी जवळ होती. सोन्याच्या त्या दिवसांत घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचा लाकडी रुळांचा मार्ग तिथूनच निघायचा, आणि काकांना ती जागा बघायची फार इच्छा होती. मी परत फिरायचा निर्णय घेतला. कोणी काही बोललं नाही. पुलापर्यंत काकूंनी त्या जर्मन मुलाचा दंड सोडला नाही, एकमेकांची भाषा येत नसताना.

गावात येऊन वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवलं. तेव्हापासून माझ्या गटात कोणाच्याही कानात इअरफोन नसतो आणि माझ्या पुढे कोणी चालत नाही, वाट कितीही सोपी असली तरी.

तीन दिवसांनी सहकाऱ्याबरोबर तिथे गेले. त्या वळणावरच्या झुडपांवर एकही लाल दाणा उरला नव्हता.