गुरुवारी म्हणे अधिक चार

सकाळी तबेल्याच्या ग्रुपवर निरोप आला. गुरुवारी चिनूक, म्हणजे डोंगरावरून उतरणारा तो गरम वारा, पारा अधिक 4 पर्यंत जाणार. त्याखाली बदाम, नाचणाऱ्या बाहुल्या, एकीनं तर पुसून लखलखीत केलेल्या खोगिराचा फोटोच टाकला. मी अंगठा दिला. द्यायचा म्हणून दिला. तेव्हापासून दिवसभर काहीतरी सलतंय.

आनंद व्हायला हवा ना? इथे कॅनडातल्या आल्बर्टात जानेवारी लागल्यापासून भर दुपारीसुद्धा पारा उणे 25 च्या वर क्वचितच चढलाय. नाकानं श्वास घेतला की आतले केस ताठ होतात. गाडीला रात्रभर इंजिन गरम ठेवणारी विजेची वायर लावून ठेवली नाही तर सकाळी ती जागची हलत नाही. अशात कुणी सांगितलं की चार दिवसांनी बर्फ वितळणार, तर माणसानं नाचावं. माझ्या मनात पहिलं काय आलं? अरे देवा, इतक्यात?

आज उणे 31 होतं. इकडे साडेआठशिवाय उजाडत नाही, त्यामुळे तबेल्याकडे जायला कोक्रनच्या रस्त्याला लागले तेव्हा डोंगर नुसते गुलाबी झाले होते. फाटकाची कडी उघडायला हातमोजा काढायचा नाही, हे एकदाच शिकावं लागतं. पण गठ्ठ्याची सुतळी कापायला काढावाच लागतो, आणि मग पुढची दहा मिनिटं बोटं काखेत घालून उभं राहायचं. ठमीला, माझ्या घोडीला, वैरण टाकली. नेहमीपेक्षा बरीच जास्त. मग हौद. हौदात हीटर आहे, तरी कडेला बर्फाची कड धरतेच, ती हातोडीनं फोडली. थंडीत लोक वैरणीची काळजी करतात आणि खरी गोम असते पाण्यात. एवढं पाचशे किलोचं जनावर दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितं. थंडीत पाणी बर्फगार असेल तर पिणं कमी करतं, खाणं मात्र कोरडं गवत, आणि मग पोट अडतं. घोड्याचं पोट अडणं काय असतं ते मी एकदा दुसऱ्याच्या घोड्याचं पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही. म्हणून बादलीतून कोमट पाणी नेते, खाण्यात चिमूटभर मीठ जास्त घालते, आणि पाणी किती कमी झालं ते बघते.

2024 च्या जानेवारीत, 13 तारखेला संध्याकाळी, सबंध आल्बर्टातले फोन एकदम केकाटले होते. वीज अपुरी पडतेय, नको ते दिवे बंद करा, गाड्यांच्या वायरी काढा. ह्यानं घरातला दिवा न् दिवा घालवला आणि आम्ही अंधारात वरणभात खाल्ला. माझ्या डोक्यात एकच, कुणी शहाणपणा करून हौदाचा हीटर तर काढला नाही ना. फोन करून विचारलंसुद्धा. तिकडे आधीच तिघींनी विचारून झालं होतं.

तर आज. लीद गोठलेली, फावड्यानं उचलत नाही, आधी पहारीनं सोडवावी लागते. पण ओली, नेहमीच्या आकाराची होती गोठायच्या आधी, हे कळतं. पोट चालू आहे. खुरं बघितली. नाल थंडीपुरते काढून टाकलेत, कारण नाल असला की आत बर्फाचा गोळा जमतो आणि घोडं त्या गोळ्यांवर तोल सावरत उभं राहतं. बिननालीच्या खुरातही थोडा जमतोच, तो खरवडला. मग केसांत हात घालून बरगड्या चाचपल्या. हिवाळ्यात डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, केसांमुळे वाळकं घोडंही गुटगुटीत दिसतं. बरगड्या हाताला लागतात, पण शोधाव्या लागतात. उत्तम. शेवटी आयाळीखाली हात सरकवला, तिथे इतकी ऊब असते की मी काही वेळ तो काढलाच नाही. ठमी खात राहिली.

हे सगळं करून घरी आले तेव्हा पापण्या चिकटलेल्या, पाय बधिर, आणि मी मजेत होते. म्हणजे थंडीला मी घाबरत नाही. कष्टालाही नाही. हे सिद्ध झालं.

आमच्याकडे उणे 20 च्या खाली कुणी घोड्यावर बसत नाही. लेखी नियम नाही, पण आहे. उभ्या घोड्याला त्या थंडीचं फारसं काही नसतं. पळवलं की ते खोल श्वास घेतं, आणि ती कोरडी गोठलेली हवा थेट छातीत जाते. घाम आला की केस चपटे होऊन अंगाला बसतात, ऊब धरणारी हवा निघून जाते, आणि ओलं घोडं वाळवायला दोन तास लागतात. लगामाचं लोखंड तोंडात घालायच्या आधी आपल्या हातात नाहीतर कोटाच्या आत धरून गरम करावं लागतं. बंदिस्त रिंगण आमच्याकडे नाही, त्यामुळे चर्चाच मिटते.

मला ही चर्चा मिटलेली आवडते, असं दिसतंय. रोज रात्री झोपताना हवामान बघते. उणे 28 दिसलं की हायसं वाटतं, पांघरूण ओढून घेते. उणे 19 दिसलं की वाऱ्याचा आकडा शोधते. वारा धरून उणे 26? मग झालं तर. मध्यंतरी एक दिवस उणे 17 दाखवत होतं आणि वारा अजिबात नव्हता, तेव्हा मी दुसरं अॅप उघडून बघितलं. तिथे उणे 21 होतं. तेच खरं धरलं.

ऑक्टोबरातलं इथे लिहीत नाही. खांदा आता वरपर्यंत जातो, केस विंचरता येतात, तेवढं पुरे.

परवा संक्रांतीचा म्हणून मामांना फोन केला. त्यांनी नेहमीसारखी आधी घोडीची चौकशी केली, मग माझी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन आले होते, कुठल्या घोड्याला किती मागितले आणि तो त्या लायकीचा कसा नव्हता, हे सगळं ऐकवलं. मग, चंदी वाढवलीस का? बाजरी देत जा. मी म्हटलं, मामा, इकडे थंडीत दाणा नाही वाढवत, वैरण वाढवतात. गवत मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्याची ऊब अंगाला मिळते, दाण्यानं तेवढी नाही मिळत. उणे 15 पर्यंत चांगल्या अंगाचं, कोरडं घोडं तसं सुखात असतं, त्याच्या खाली गेलं की गवत जास्त. मामा गप्प. बहुतेक पटलं नाही. मग म्हणाले,

"बसतेस ना रोज?"

"नाही मामा, थंडी फार आहे."

"मग हातात धरून फिरवतेस तरी?"

"कुठे फिरवू? गुडघाभर बर्फ आहे."

"बसून राहिलेलं घोडं माजतं बाई. ऊन पडलं की पहिल्या दिवशीच पाडतं."

मामांना ऑक्टोबरातलं माहीत नाही. आईलाही नाही. आईला सांगितलं असतं तर तिनं माथेरान काढलं असतं, तिकडे सात वर्षांची मी घोड्यावर बसून दस्तुरीपासून बाजारापर्यंत कशी रडत गेले ते. ती गोष्ट ती माझ्या सासरच्यांनाही सांगून बसलीय.

पण मामांचं वाक्य डोक्यात बसलंच. कारण ते खरं आहे. ठमी गेल्या वर्षी चिनूकमध्ये कुंपणाच्या कडेकडेनं उधळली होती, एकटीच, शेपूट वर करून, तोंडानं फुरफुरत. आम्ही सगळ्या हसत होतो. मीही. व्हिडिओ आहे. आज दुपारी तो पुन्हा पाहिला आणि आवाज बंद केला.

आणि मग जरा स्वतःची कीवच आली. बाकीच्या मुली विशी-पंचविशीतल्या. पडतात, उठतात, बर्फ झटकतात, पुन्हा बसतात, फोटो टाकतात. मला चढायला स्टूल लागतं. इतक्या लांब, इतक्या थंडीत, दर महिन्याला एवढे पैसे मोजून (ह्यानं कधी शब्द काढलेला नाही, आणि त्याच्या न काढण्याचा एक वेगळाच... असो) मी एका प्राण्याची लीद पहारीनं सोडवते, आणि त्या प्राण्यावर बसायची वेळ आली की वाऱ्याच्या आकड्यामागे जाऊन उभी राहते. ही काय रीत आहे? घोडं हवं होतं म्हणून घेतलं होतं ना? की घोडं आहे असं सांगता यावं म्हणून?

ठमीला अर्थात ह्यातलं काहीच नाही. ती आज वारा अडवायच्या फळ्यांच्या आडोशाला उभी होती, वाऱ्याकडे पुठ्ठे करून. पाठीवर दोन बोटं बर्फ साचला होता आणि वितळत नव्हता. आधी ते बघून मला वाईट वाटायचं, आता कळतं की बर्फ वितळत नाही म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही. केसांची तयारी तिनं कधीच करून ठेवलेली असते. ऑगस्टमध्ये, आपण घामाघूम असताना, दिवस लहान व्हायला लागले की तिच्या अंगानं ते ओळखलेलं असतं. मला बघून ती खिंकाळली आणि चालत आली. बादलीकडे आली. बादली नसती तर आली असती का, हा प्रश्न मी विचारत नाही. रपेट नाही म्हणून तिच्या चेहऱ्यावर दुःख असल्याचं मला तरी दिसलं नाही.

एक मात्र आहे. उन्हाळ्यात मी तिच्याकडे बघतच नाही नीट. खरारा, खोगीर, तंग आवळला, निघाले. ह्या महिन्यात मला तिचं पाणी माहीत आहे, मीठ माहीत आहे, डाव्या मागच्या खुरात गोळा जास्त जमतो हे माहीत आहे, गवत खाताना ती वरचं सगळं नाकानं ढकलून तळातलं कोवळं आधी शोधते हे माहीत आहे. हे लिहिताना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की संशय आला. हेही वाऱ्याच्या आकड्यासारखंच दुसरं अॅप असेल.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना गुरुवारचा विचार पुन्हा सुरू झाला, आणि मध्येच एकदम थांबला. चिनूक येतो म्हणजे काय होतं? पश्चिमेला ढगांची ती कमान दिसते, डोंगरापलीकडे पाऊस-बर्फ टाकून मोकळी झालेली हवा खाली घसरते आणि घसरताना तापते. 1962 मध्ये इकडच्याच पिंचर क्रीक गावाला तासाभरात उणे 19 चं अधिक 22 झालं होतं. सगळं वितळतं, अंगणात तळी होतात. आणि मग? मग चिनूक जातो. रात्रीत पुन्हा उणे 15. त्या तळ्यांचा आरसा होतो. मागच्या वर्षी फाटकापासून हौदापर्यंत जायला आम्ही राख, वाळू आणि जुनी लीद पसरून वाट केली होती, आणि घोड्या ती सोडून पाय टाकत नव्हत्या. त्यानंतर कितीतरी दिवस बसायचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. त्या विशीतल्या मुलींनीही.

म्हणजे प्रश्न सगळा एका दुपारचा आहे! मी महिनाभर घाबरायची तयारी करून ठेवलीय आणि मिळणार आहे एक दुपार. तीही ओल्या चिखलात, जिथे कुणीही शहाणा माणूस चालीपलीकडे जाणार नाही. भाकरी करपली, मी हसतच होते. हा आतून विचारत होता काय झालं. काही नाही म्हटलं.

एका दुपारी, चालीनं, कुणीतरी पुढे दोरी धरून. एवढं जमेल किंवा नाही जमणार. नाही जमलं तर शुक्रवारी आरसा आहेच. ती हिरवी जॅकेटवाली दोरी धरेल, तिला मी विचारू शकते. ती ऑक्टोबरात तिथे होती.

खोगीर येताना घरी आणलंय. त्याचा उगाच अर्थ काढू नये, तिथल्या खोलीत कातडं पार कडक पडलंय, तेल लावायला हवंच होतं. घरात ते ठेवायला जागा एकच, जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची. ह्यानं ते बघितलं, खुर्ची जरा मागे सरकवली आणि आपलं ताट पुढे ओढलं. मी म्हटलं, तेल लावायला तुझा एखादा जुना बनियन दे ना. तर म्हणतो, जुने सगळे घोडीकडेच गेलेत, आता माझ्या अंगात आहे तो नवा आहे.