ठाणे ते महापे: अनुभव नसताना ई-लर्निंगच्या इंटरव्ह्यूला जाऊन आले, त्याचा वृत्तांत

गेल्या आठवड्यात महापे आणि ऐरोलीला इन्स्ट्रक्शनल डिझायनर (ऑनलाइन कोर्समध्ये काय आणि कसं शिकवायचं ते ठरवून लिहिणारी व्यक्ती) ट्रेनीच्या इंटरव्ह्यूंना जाऊन आले. मी ठाण्यात क्लासमध्ये विज्ञान शिकवते, ई-लर्निंग कंपनीतला अनुभव शून्य, तरी दोन्हीकडे टेस्टला बसवलं आणि महापेहून होकार आलाय. माझ्या ओळखीच्या बऱ्याच शिक्षिका ताया हेच करायचंय म्हणतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी जायचं कसं ते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल लाइनची वाशी, नेरुळ, पनवेल कुठलीही गाडी पकडा, तुर्भ्यापर्यंत सगळ्यांचा रस्ता एकच आहे. ऐरोलीचं माइंडस्पेस हे आयटी पार्क स्टेशनपासून चालत. महापेसाठी घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून पूर्वेला, म्हणजे एमआयडीसीच्या बाजूला बाहेर पडायचं आणि रिक्षा करायची. महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये जायचं असेल तर एचआरकडून सेक्टर आणि बिल्डिंग नंबर दोन्ही आधीच मागून घ्या, आत बिल्डिंगा बऱ्याच आहेत आणि नुसतं कंपनीचं नाव सांगून कोणी सांगेलच असं नाही. गेटवर फोटो आयडी लागतो, लॅपटॉप असेल तर त्याची नोंद होते, त्यात वेळ जातो, तेव्हा अर्धा तास हातात ठेवूनच निघा.

आता मुख्य गोष्ट. मी नेलेला एकच नमुना होता, दहा मिनिटांचा कोर्स, विषय "लिफ्ट मध्येच अडकली तर वॉचमनने काय करायचं". घोडबंदर रोडला आमच्या मावशीच्या सोसायटीत टॉवर आहेत, तिथल्या वॉचमनकाकांशी आणि लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्या दादांशी बोलून बनवला. या क्षेत्रात अशा जाणकार माणसाला एसएमई म्हणतात आणि त्यांच्याकडून माहिती काढून घेणं हेच अर्धं काम आहे. दादांनी मला मोटर, केबल, गव्हर्नर, सगळं समजावलं, खूप प्रेमाने. मी त्यातलं जवळपास काहीच घेतलं नाही. कारण वॉचमनने करायचं काय, तर आतल्या माणसाशी बोलत राहायचं, हवा येतेय घाबरू नका सांगायचं, मेंटेनन्सला फोन लावायचा, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना दार उघडून कोणालाही बाहेर ओढायचं नाही. बस. मग कोर्समध्ये प्रसंगच दिला: आतून बाई ओरडतायत, बाहेर त्यांचे मिस्टर दार उघडा म्हणून अंगावर येतायत, तुम्ही काय कराल? चुकीचा पर्याय निवडला की पुढे काय होऊ शकतं ते दिसतं.

महापेच्या मॅडमनी तो कोर्स स्वतःच्या फोनवर उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, यातून तुम्ही काय काय काढून टाकलंत? त्यावरच आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. माझं ठाम मत झालंय की अनुभव नसलेल्या माणसाकडे दाखवण्यासारखं हेच आहे, काय ठेवलं, काय गाळलं आणि का. टूल सगळ्यांनाच येतात, नाही आली तर शिकवतात.

तरी टूलबद्दल थोडं. स्टोरीलाइन हे कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि त्याची फुकट ट्रायल ३० दिवसांची असते, म्हणून आधी कागदावर स्टोरीबोर्ड, म्हणजे कोणत्या स्क्रीनवर काय येणार त्याचा आराखडा, पूर्ण करा आणि मगच ट्रायल चालू करा, नाहीतर दिवस विचार करण्यातच जातात. पैसे अजिबात घालायचे नसतील तर मूडल (कोर्स ठेवून चालवायचं सॉफ्टवेअर) आणि एचफाइव्हपी (कोर्समधले प्रश्न, प्रसंग बनवायचं टूल) दोन्ही फुकट आहेत. तयार कोर्स गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवू नका, तयार कोर्स वेबपेजसारखा असतो आणि तिथे वेबपेज चालत नाही, २०१६ मध्येच ते बंद झालं, समोरच्याला नुसती झिप फाइल दिसते आणि तो पुढच्या उमेदवाराकडे वळतो. गिटहब पेजेस किंवा नेटलिफाय अशा वेबपेज चालवणाऱ्या साइटवर ठेवा आणि दुसऱ्याच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा.

ऐरोलीला स्कॉर्मवर विचारलं. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएस (कोर्स चालवून कोणी किती केला याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम, कोर्स पूर्ण झाला का, मार्क किती, मध्येच सोडला तर कुठे. १.२ हे व्हर्जन २००१ चं आहे आणि अजून वापरात आहे. त्यांनी विचारलं की मोठा कोर्स अर्ध्यावर सोडून परत आल्यावर जागा सापडत नाही, कारण काय असेल? १.२ मध्ये ही माहिती साठवायला ४०९६ अक्षरांचीच मर्यादा आहे, ती भरली की असं होऊ शकतं. हे मला माहीत होतं कारण मी माझा कोर्स स्कॉर्म क्लाउड या कोर्स तपासायच्या साइटच्या फुकट अकाउंटवर चढवून तपासला होता आणि तेव्हा वाचलं होतं. तुम्हीही तपासाच, मग "एलएमएसवर टेस्ट केलंय" हे वाक्य खरेपणाने बोलता येतं.

टेस्ट दोन्हीकडे साधारण सारखीच, पासवर्ड नाहीतर फिशिंग असल्या विषयावरचं कंपनीचं चारपाच पानी डॉक्युमेंट देतात आणि त्यावरून उद्दिष्टं, काही स्क्रीनचा स्टोरीबोर्ड आणि एकदोन प्रश्न लिहायला सांगतात. स्टोरीबोर्डमध्ये स्क्रीनवरचा मजकूर, निवेदन, चित्र आणि डेव्हलपरसाठी सूचना असे रकाने करा. उद्दिष्टात "समजेल", "माहीत होईल" लिहू नका, ते मोजणार कसं? "संशयास्पद मेल ओळखून रिपोर्ट करेल" असं लिहा. स्क्रीनवर जे लिहिलंय तेच निवेदनात शब्दशः वाचायचं नाही, हेही बघतात. आपण शिक्षिका इथे वरचढ आहोत हं, पोरं नेमकी कुठे अडकतात ते आपल्याला रोज दिसतं, त्यामुळे प्रश्नाचे चुकीचे पर्याय आपण खरेखुरे लिहितो, उगाच भरतीचे नाही. हे तोंडाने सांगा, समोरच्याला आपोआप कळत नाही.

इंग्रजी लेखनावर मात्र मेहनत घ्या, बरंच काम परदेशी क्लायंटचं असतं. आणि थेट डिझायनरची जागा नसेल तर क्यूए (तयार कोर्समधल्या चुका तपासणं) किंवा कंटेंट एडिटिंगलाही हो म्हणा, तिथे बसून दुसऱ्यांचे स्टोरीबोर्ड वाचायला मिळतात, त्यासारखं शिक्षण नाही.

एक कळकळीने सांगते, नोकरीची हमी देऊन आधी भरमसाठ फी मागणाऱ्या क्लासना पैसे देऊ नका. आणि टेस्टच्या नावाखाली कोणी अख्खं मॉड्यूल फुकट करून मागत असेल तर चारपाच स्क्रीनच करून देईन असं सरळ सांगा. ऑफर आली की बॉन्ड आहे का, किती महिन्यांचा, मध्ये सोडलं तर किती भरावे लागतील हे मेलवर लेखी मागा. मी मागितलं, त्यांनी त्याच दिवशी दिलं, कोणाला राग वगैरे आला नाही.