कोर्ट वास घेत नाही

इंग्लंडमध्ये शेजारी कोंबड्यांची शेड किंवा कारखाना उभा करायला काउन्सिलने (तिथल्या पालिकेने) प्लॅनिंग परमिशन, म्हणजे बांधकामाची परवानगी दिली, तर शेजाऱ्याला अपील नाही. ती सोय फक्त अर्जदाराला. शेजाऱ्याकडे उरतो हायकोर्टातला ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायदेशीर होता का याची तपासणी), मुदत सहा आठवडे. ते काउन्सिलच्या कमिटीतल्या मतदानापासून नव्हे, निर्णयाची नोटीस निघाल्यापासून मोजतात. त्यातच आधी काउन्सिलला पत्र धाडायचं आणि उत्तरासाठी साधारण १४ दिवस द्यायचे. म्हणजे हातात चारच आठवडे धरा.

‘आम्हाला त्रास होईल’ एवढ्यावर दावा टिकत नाही. किती त्रास चालेल हे ठरवणं काउन्सिलचं काम, न्यायाधीश त्यात पडत नाहीत. ते बघतात एवढंच, की निर्णय कायद्याने झाला का. म्हणून काउन्सिलच्या ऑफिसरने कमिटीपुढे ठेवलेला रिपोर्ट ओळ न ओळ वाचायचा.

आवाजासाठी बीएस ४१४२ हे ब्रिटिश मानक. समजा रात्री आजूबाजूचा मूळ आवाज ३२ डेसिबल आणि पंख्यांचा आवाज ३५. फरक ३, चिंता नाही! पण पंख्यांची गुणगुण स्पष्ट ऐकू येत असेल तर ४ डेसिबल वाढवायचे असतात. फरक होतो ७. साधारण ५ च्या पुढे प्रतिकूल परिणामाची खूण मानतात, १० च्या आसपास गंभीर. मात्र कोर्टात हा तज्ज्ञांमधला मतभेद ठरून बाजूला पडू शकतो. निर्णयाआधी लेखी आक्षेप घेतलेला असेल आणि रिपोर्टने तो गाळला असेल, तर मुद्द्यात जीव येतो.

वासाची मेख आकड्यात आहे. वास किती पसरेल याच्या मॉडेलमध्ये ९८ वा पर्सेंटाइल धरतात, म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे १७५ तास मर्यादेबाहेर गेले तरी अहवाल ‘पास’. ते तास नेमके उन्हाळ्यातल्या संध्याकाळचेही असू शकतात. रिपोर्टने याचं ‘वास येणार नाही’ असं भाषांतर केलं असेल, तर कमिटीची दिशाभूल झाली असं म्हणता येतं.

पर्यावरणाच्या दाव्यात हरलात तर व्यक्तीवर समोरच्याच्या खर्चाचा बोजा सहसा ५,००० पौंडांपर्यंतच येतो. स्वतःच्या वकिलाची फी वेगळी. चूक सिद्ध झाली, पण तिच्याविनाही निकाल तोच लागण्याची दाट शक्यता दिसली, तर कोर्ट दाद नाकारतं. आणि परवानगी रद्द झाली तरी अर्ज जिवंत राहतो. काउन्सिल नवा रिपोर्ट लिहून तीच परवानगी पुन्हा देऊ शकते, तेव्हा मधल्या काळात स्वतः रात्री मोजून घेतलेले आकडे फाइलमध्ये घालून ठेवा.