स्पॅकच्या ट्रस्टमधले पैसे तुमचे नसतात

स्पॅकबरोबर विलीनीकरण करायचा प्रस्ताव घेऊन कोणी आलं की सादरीकरणाच्या पहिल्या दोन-तीन पानांत एक आकडा हमखास असतो: ट्रस्टमध्ये २० कोटी डॉलर. संस्थापक त्या आकड्यावर मनातल्या मनात भरती, नवी कचेरी, पुढच्या दोन वर्षांचा खर्च सगळं बसवून टाकतात. पण अख्ख्या व्यवहारात सगळ्यात कमी भरवशाचा आकडा हाच. म्हणून हे पैसे कुठून येतात, कुठे जातात आणि शेवटी कंपनीच्या खात्यात किती पडतात, एवढाच हिशेब इथे मांडतो.

आधी रचना. स्पॅक म्हणजे कसलाही धंदा नसलेली कंपनी. ती अमेरिकेत आयपीओ करते, पैसे उभे करते आणि ठरलेल्या मुदतीत एखादी खासगी कंपनी शोधून तिच्याशी विलीन होते, म्हणजे ती खासगी कंपनी शेअर बाजारात येते. ही मुदत बहुधा १८ ते २४ महिन्यांची असते आणि कितीही ताणली तरी शेअर बाजारांची बाहेरची मर्यादा ३६ महिन्यांची आहे. २०२१ या एका वर्षात असे सहाशेहून जास्त आयपीओ झाले. मग शिकारी फार आणि सावज कमी अशी गत झाली, आणि पुढचे बरेच गोंधळ तिथूनच सुरू झाले.

आपण २० कोटी डॉलरचा स्पॅक घेऊ. १० डॉलरला एक याप्रमाणे २ कोटी युनिट विकली. प्रत्येक युनिटमध्ये एक शेअर आणि अर्धं वॉरंट, म्हणजे जनतेच्या हातात १ कोटी वॉरंट. एका पूर्ण वॉरंटवर पुढे कधीतरी ११.५० डॉलर भरून एक शेअर घेता येतो. स्पॉन्सरला, म्हणजे स्पॅक उभा करणाऱ्याला, ५० लाख शेअर मिळतात. हा आयपीओनंतरच्या एकूण शेअरांचा २० टक्के वाटा झाला, आणि त्यासाठी तो मोजतो फक्त २५ हजार डॉलर. शेअरला अर्धा सेंट! अर्थात त्याची जोखीम शून्य नसते. अंडररायटरची, म्हणजे आयपीओ विकून देणाऱ्या बँकेची, आगाऊ २ टक्के फी, म्हणजे ४० लाख डॉलर, आणि दोन वर्षांचा चालू खर्च, धरा २० लाख, हे तो स्वतःच्या खिशातून घालतो. त्याबदल्यात १.५० डॉलरच्या भावाने ४० लाख खासगी वॉरंट घेतो. विलीनीकरण झालं नाही तर हे ६० लाख बुडतात. जनतेचे २० कोटी मात्र पूर्णच्या पूर्ण ट्रस्टमध्ये, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात, अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत पडून राहतात.

आता खरी मेख. व्यवहार जाहीर झाल्यावर प्रत्येक भागधारकाला आपला शेअर परत करून ट्रस्टमधला वाटा व्याजासकट मागायचा हक्क असतो. याला रिडेम्प्शन म्हणतात. तो विलीनीकरणाच्या बाजूने मत देऊनही पैसे परत मागू शकतो, आणि वॉरंट तरीही त्याच्याकडेच राहतं. आयपीओत शेअर घेणाऱ्यांत हेज फंड भरपूर असतात. त्यांचं गणित साधं आहे: मुद्दल सुरक्षित, वर व्याज, वॉरंट फुकट. तुमची कंपनी काय बनवते याच्याशी त्यांचं घेणंदेणं नाही. शेअरचा बाजारभाव ट्रस्टमधल्या वाट्यापेक्षा खाली असेल तर पैसे परत न मागणं हा त्यांच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा.

आपल्या उदाहरणात ९० टक्के रिडेम्प्शन झालं असं धरू. व्याज सोडून देतो. १.८ कोटी शेअर परत आले, १८ कोटी डॉलर गेले, ट्रस्टमध्ये उरले २ कोटी. त्यातून अंडररायटरची राखून ठेवलेली ३.५ टक्के फी जाणार. ती मूळ २० कोटींवर मोजलेली असते, उरलेल्या २ कोटींवर नाही, म्हणजे ७० लाख. राहिले १.३ कोटी. दोन्ही बाजूंचे वकील, ऑडिटर, सल्लागार, छपाई, संचालकांचा विमा आणि स्पॉन्सरने मधल्या काळात स्पॅकला दिलेलं कर्ज, हे सगळं ८० लाखांत आटोपलं असं समजू. कंपनीच्या हातात आले ५० लाख डॉलर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आणि या ५० लाखांच्या बदल्यात दिलं काय? जनतेकडे उरलेले २० लाख शेअर आणि स्पॉन्सरचे ५० लाख, मिळून ७० लाख शेअर. करारात प्रत्येक शेअर १० डॉलरचा धरलेला असतो. म्हणजे ७ कोटी डॉलरची मालकी देऊन ५० लाख रोख घेतले, शेअरमागे साधारण ७१ सेंट. शिवाय १.४ कोटी वॉरंट डोक्यावर टांगलेली आहेतच. कोणीच पैसे परत मागितले नसते तरी १८.५ कोटी रोख आणि २.५ कोटी शेअर, म्हणजे शेअरमागे ७.४० डॉलरच आले असते. दहाचे दहा कधीच नसतात. कंपनीचं मूल्यांकन १०० कोटी धरलंय की १५० कोटी, यावर रात्र-रात्र घासाघीस करणारे संस्थापक हा एक भागाकार करत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

हे कागदावरचं भय नाही. बझफीड ही डिजिटल माध्यम कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये स्पॅकमार्गे बाजारात आली. ट्रस्टमध्ये २८.७५ कोटी डॉलर होते, त्यातले जवळपास ९४ टक्के परत गेले आणि उरले सुमारे १.६ कोटी. सोबत १५ कोटींचे परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे शेअरांत बदलता येणारं कर्ज, आधीच ठरवून ठेवले होते म्हणून बरं. उलट ल्युसिड या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या वेळी बाजारभाव ट्रस्टच्या बराच वर होता, त्यामुळे रिडेम्प्शन जवळजवळ झालंच नाही आणि पाइपसकट ४०० कोटींहून जास्त डॉलर आले. पाइप म्हणजे विलीनीकरणाच्या वेळी ठरावीक भावाने थेट पैसे घालणारे मोठे गुंतवणूकदार. भाव वर असेल तर सगळं जमतं. पण टर्म शीटवर, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींच्या कागदावर, सही करताना सहा महिन्यांनंतरचा भाव कोणाला माहीत असतो?

म्हणून भांडायचं ते मूल्यांकनावर कमी आणि पुढच्या कलमांवर जास्त. पहिलं, स्पॉन्सरचे शेअर प्रत्यक्ष आलेल्या रोखीला बांधा. ट्रस्ट आणि पाइप मिळून ठरल्यापेक्षा कमी आले तर त्या प्रमाणात त्याचे शेअर रद्द व्हावेत, आणि उरलेल्यांतले काही शेअर, भाव १२.५० किंवा १५ डॉलरच्या वर ३० पैकी २० दिवस टिकल्यावरच पक्के व्हावेत. स्पॉन्सर कुरकुरतो, पण मुदत संपत आलेला स्पॉन्सर बरंच ऐकतो. दुसरं, राखीव फी उरलेल्या रकमेच्या प्रमाणात कमी करण्याचं अंडररायटरकडून लेखी घ्या, आणि स्पॅकच्या खर्चाला कमाल मर्यादा घाला. तिसरं, किमान रोख रकमेची अट, म्हणजे ठरलेली रोख आली तरच व्यवहार पूर्ण करायचा. ती सगळे खर्च वजा जाता मोजायची की आधी, पाइप त्यात धरायचा की नाही, हे शब्दाशब्दाने लिहून घ्या. इथे ढिलाई झाली की अट कागदावर पूर्ण होते आणि खातं रिकामं राहतं.

या अटीतही एक गोम आहे. रिडेम्प्शनची मुदत भागधारकांच्या सभेच्या दोन कामकाजाच्या दिवस आधी संपते. म्हणजे खरा आकडा कळतो तेव्हा सभा उंबरठ्यावर असते, वकिलांची बिलं चढलेली असतात, कर्मचाऱ्यांना नॅस्डॅकची घंटा वाजवायचं आमंत्रण गेलेलं असतं. अट मोडली म्हणून उठून जायचा हक्क कंपनीला असतो, पण वापरणारे थोडे. बहुतेक जण अट सोडून देतात आणि पुढे जातात. तेव्हा पाइप किंवा परिवर्तनीय कर्जाची सोय सही करतानाच लावून ठेवा, आणि फक्त तेवढ्याच पैशावर कंपनी १२ महिने चालेल का ते बघा. नसेल चालत, तर तो व्यवहार तुमच्यासाठी नाही.

स्पॅकने मुदतवाढ आधी घेतली आहे का, हेही पहिल्याच बैठकीत विचारा. प्रत्येक मुदतवाढीला मतदान लागतं आणि प्रत्येक मतदानाला रिडेम्प्शनची खिडकी उघडते. दोनदा मुदतवाढ घेतलेल्या स्पॅकच्या ट्रस्टमध्ये मूळ रकमेचा लहानसा तुकडाच उरलेला असू शकतो, आणि सादरीकरणात मात्र आयपीओचा आकडा मिरवत असतो.

वेळापत्रकाचं सांगायचं तर सही ते सभा पाच-आठ महिने धरा. सगळ्यात जास्त अडतं ते हिशेबांवर. एरवीचं ऑडिट इथे चालत नाही. पीसीएओबी या अमेरिकी ऑडिट नियामकाच्या निकषांनुसार किमान दोन वर्षांचं लागतं, आणि महसूल कधी धरायचा, ईसॉपचा (कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर-पर्यायांचा) खर्च कसा दाखवायचा यावरच तीन-चार महिने जातात. त्यामुळे ऑडिट सहीनंतर नाही, सहीच्या आधी सुरू करायचं. मग एस-४ हा नोंदणी अर्ज. अमेरिकेबाहेरची कंपनी असेल तर बहुधा एफ-४. सिंगापूरची ग्रॅब आणि भारतातली रिन्यू पॉवर याच वाटेने गेल्या. एसईसीचे, म्हणजे अमेरिकी शेअर बाजार नियामकाचे, पहिले प्रश्न साधारण महिन्याभरात येतात, नंतर दोन ते चार फेऱ्या. यात हिशेब शिळे होतात हे लोक विसरतात. अमेरिकी कंपनीचे ३० सप्टेंबरचे आकडे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच चालतात. त्यानंतर पूर्ण वर्षाचं ऑडिट जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. जानेवारीत एक जादा फेरी झाली की सभा थेट एप्रिल-मेवर जाते, आणि तोवर स्पॅकची मुदत संपत आलेली असते. परत मुदतवाढ, परत रिडेम्प्शन.

एसईसीचे जुलै २०२४ पासून लागू झालेले नियम इथे महत्त्वाचे आहेत. पूर्वी स्पॅकचं मोठं आकर्षण म्हणजे पाच-पाच वर्षांचे अंदाज बिनदिक्कत दाखवता यायचे. आता अशा अंदाजांना मिळणारं कायद्याचं संरक्षण स्पॅक व्यवहारांना नाही. एस-४ वर तुमची कंपनीही सह-अर्जदार असते, म्हणजे सही तुमच्या संचालकांचीही आणि जबाबदारीही. रिडेम्प्शनच्या वेगवेगळ्या पातळ्यांना प्रत्येक शेअरची किंमत किती पातळ होते, याचं कोष्टकही द्यावं लागतं. वर केलेला भागाकार आता सरकारी फॉर्मातच आला आहे, हे एका अर्थी बरंच झालं.

मतदानाकडे दुर्लक्ष करू नका. ल्युसिडची सभा २२ जुलै २०२१ ला होती. विरोध फारसा नव्हता, पण छोट्या गुंतवणूकदारांनी मतंच दिली नाहीत आणि एका ठरावाला पुरेसा आकडा जमेना. मतदानाचे ईमेल अनेकांच्या स्पॅममध्ये पडून होते. सभा एक दिवस पुढे ढकलून, लोकांना आवाहन करकरून काम उरकावं लागलं. मतं गोळा करणारी संस्था सभेच्या निदान महिनाभर आधी कामाला लावा.

बाजारात आल्यानंतरची यादी लांबलचक आहे, पण पटकन सांगतो. चार कामकाजाच्या दिवसांत कंपनीची सगळी माहिती देणारा ८-के हा फॉर्म दाखल करायचा. त्यानंतर ६० दिवस कर्मचाऱ्यांच्या शेअरांची नोंदणी करणारा एस-८ फॉर्म वापरता येत नाही, त्यामुळे कर्मचाऱ्यांचे शेअर त्या काळात मोकळे होतील अशा तारखा योजनेत ठेवू नका. पाइपवाल्यांच्या शेअरांची वेगळी नोंदणी होईपर्यंत आपल्या उदाहरणात बाजारात फिरणारे शेअर जेमतेम २० लाख. एवढ्यावर भाव एका दिवसात दुप्पटही होतो. तो खरा मानून कोणी पुढच्या निधीची आखणी करू नये, कारण नोंदणी मंजूर झाली की विक्रीचा लोंढा येतो. एप्रिल २०२१ मध्ये एसईसीने भूमिका स्पष्ट केल्यापासून बरीच वॉरंट हिशेबात देणं म्हणून धरावी लागतात, म्हणजे भाव चढला की नफा-तोटा पत्रकात तोटा दिसतो. पहिल्या तिमाहीच्या निकालात हे समजावताना वित्तप्रमुखाचा घसा कोरडा पडतो.

आणि भाव सलग ३० कामकाजाचे दिवस १ डॉलरच्या खाली राहिला की नॅस्डॅकची नोटीस येते, सुधारायला सहसा १८० दिवस मिळतात. मग कंपन्या २० शेअरांचा एक करतात. भाव वर येतो, पण वॉरंटवर शेअर घ्यायला भरायची रक्कमही त्याच पटीत चढते: ११.५० चे २३० डॉलर.