टाळ कोणाचे वाजत राहिले

घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या इमारतीत मी राहतो तिथे ११२ सदनिका आहेत, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर विश्वास ठेवायचा तर तक्रारी त्याहून अधिक आहेत. त्या गटातून चार दिवस सुटका मिळावी हा, खरे सांगायचे तर, माझ्या वारीमागचा निम्मा हेतू होता. शेजारचे काका, ज्यांनी नऊ वर्षे सोसायटीचे सचिवपद भोगले आहे, आणि सहाव्या मजल्यावरचा एक तरुण असे आम्ही तिघे माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढाच टप्पा चाललो. आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्यांच्या लेखी आम्ही पाहुणेच.

त्या दिवशी एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू असे दर फर्लांगावर कोणीतरी हातावर ठेवत होते, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण किती अनुभवातून आली आहे हे हडपसर ओलांडेपर्यंतच पटले. दिवे घाटाच्या चढणीवर तरुणाच्या फोनची बॅटरी संपली. आता पावले मोजली जाणार नाहीत म्हणून तो इतका खट्टू झाला की, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींनी थांबून विचारपूस केली. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “माउली, तुमचं मोजून झालं की सांगा, मी तंवर वर जाते.” आणि खरोखरच गेल्या.

“किती समाधानी माणसे आहेत ही!” काका दम लागलेल्या आवाजात म्हणाले. दुसऱ्याचे समाधान शहरी माणसाला लांबून फार पटकन ओळखू येते. मीही मान डोलावली. पण घाटमाथ्यावर पाण्याच्या टँकरपाशी दोन बायका बादलीवरून अशा काही भांडल्या की, मला आमचा जिना आठवला. फरक इतकाच की, त्या एकमेकींना ‘माउली’ म्हणत भांडत होत्या, त्यामुळे शिवी देण्याआधी जीभ जराशी अडखळत असावी.

सासवडच्या तळावर संध्याकाळी समाज आरती पाहिली. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि शेकडो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंचावून ‘होऽऽ’ म्हणतो आणि इतका मोठा समुदाय क्षणात गप्प होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो, तोडगा निघाला की तेही टाळ थांबतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात माणूस तक्रार करणारच हे आधीच गृहीत धरलेले दिसते.

त्या संध्याकाळी एका दिंडीचे टाळ बराच वेळ वाजत राहिले. काय बिनसले होते ते आमच्यापर्यंत पोहोचले नाही, पण काका श्वास रोखून ऐकत होते. एवढ्या लोकांत एकच दिंडी वाजवते आणि बाकीचे ऐकून घेतात, हे नऊ वर्षे सचिव राहिलेल्या माणसाला चमत्कारापेक्षा कमी वाटले नसावे. मग हरवल्या-सापडल्याची यादी पुकारली गेली: एक चष्मा, एक पितळी तांब्या, पैशांसकट सापडलेली कोणाची तरी चंची. आमच्या गटावर ‘कोणी उचलली?’ असे संदेश रोज येतात. ‘सापडली आहे, घेऊन जा’ असा एकही मला आठवेना.

परतताना काकांनी सासवडला टाळांची एक जोडी विकत घेतली. पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत त्यांनी ती टेबलावर ठेवली, ज्याची तक्रार असेल त्यानेच वाजवावी आणि इतरांनी गप्प राहावे असा प्रस्ताव मांडला, आणि तो टाळ्यांच्या कडकडाटात एकमताने मंजूर झाला. त्यानंतर टाळ आधी कोणाच्या हातात जावेत यावर वीस मिनिटे वाद झाला. इतिवृत्तात त्याची नोंद आहे.