नोकरी गेली, पण कागदावर जाईना

जुलै २०२३ च्या शेवटच्या दिवशी माझी नोकरी गेली. चाकणच्या एका पार्ट्स कंपनीत सहा वर्षं क्वालिटीत होतो. ऑर्डरी आटल्या आणि आमच्या लाइनच्या अकरा जणांना एकाच दुपारी घरी बसवलं. घरच्यांनी सांभाळून घेतलं. नोव्हेंबरात जुन्या सुपरवायझरच्या ओळखीनं रांजणगावला कामही लागलं. पण मधल्या काळात पीएफसाठी जे हाल झाले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

मुलीची फी आणि घराचा हप्ता अंगावर आला होता, म्हणून पीएफ काढायचा फॉर्म १९ भरायला बसलो. पीएफच्या पोर्टलवर कंपनी सोडल्याची तारीखच नव्हती, आणि तिच्याशिवाय क्लेम पुढे जाईना. ती तारीख कंपनीनं टाकायची असते. एचआरला फोन केला की कधी साहेब सुट्टीवर, कधी पोर्टल बंद, नाहीतर ‘सोमवारी करतो’. असे सहा सोमवार गेले. शेवटी गेटवर जाऊन उभा राहिलो. रोज नमस्कार करणाऱ्या वॉचमनकाकांनी मान खाली घालून व्हिजिटरचं रजिस्टर पुढे केलं. ‘कुठून आलात’ या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. पाऊण तास बसलो, साहेब भेटले नाहीत.

गावातल्या ई-सेवा केंद्रातली ताई म्हणाली, “दादा, तुमचं तुम्हालाच टाकता येतं की!” शेवटचा पीएफ जमा झालेल्या महिन्यापासून दोन महिने उलटले की ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ येतं. आधारच्या मोबाइलवर ओटीपी आला, ३१ जुलै टाकली, पाच मिनिटांत काम झालं. तारीख नीट बघूनच टाका, २०२३ मध्ये तरी ती नंतर आपल्याला बदलता येत नव्हती. आणि ती शेवटचा पीएफ भरलेल्या महिन्यातलीच हवी.

ऑक्टोबर संपायच्या आत पैसे खात्यात आले. पाच वर्षांच्या वर नोकरी होती म्हणून टीडीएस कापला नाही. बायकोला मेसेज दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त खुर्चीत बसली.

एक चूक माझ्याकडून झाली. घाईत फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसेही काढून घेतले. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं, तर ती सहा वर्षं पेन्शनसाठी लागणाऱ्या १० वर्षांत धरली गेली असती. तुम्हाला लगेच पैशांची गरज नसेल तर ते नक्की घ्या.

आणि हो, कंपनीचा मेल बंद व्हायच्या आधी सगळ्या पगारपावत्या उतरवून ठेवा. रांजणगावला पहिल्याच दिवशी तीन महिन्यांच्या मागितल्या.